पानांवरच्या पांढऱ्या रेघांचा हिवाळा

पालघरच्या बाजारात या आठवड्यात शेवंती आली. टोपल्यांत दाबून भरलेली पिवळी, मध्येच थोडी पांढरी, आणि तिचा तो कडसर, औषधी वास. तो नाकात गेला की थंडी पडल्याची माझी खात्री पटते. आमच्या किनाऱ्यावर थंडी अशीच कळते. पहाटेचा वारा समुद्राऐवजी डोंगराकडून येऊ लागतो, काठीवर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास गावाकडे न येता पाण्याकडे परत जातो, आणि भात कापून मोकळ्या झालेल्या शेतांतून ओल्या पेंढ्याचा गोडसर दर्प उठतो. त्या दर्पात शेवंती मिसळली की मी कुठेही असले तरी मनाने चिंचणीच्या आमच्या आळीत जाऊन उभी राहते.

ती दिसली त्याच दिवशी तुमचा फोन आला. इरा, तू सांगत होतीस की इथून परतताना तुमच्या तिकडच्या विमानतळावर एक कुत्रा हुंगत हुंगत आला आणि बाबाच्या बॅगेपाशी शहाण्या मुलासारखा बसला. बॅगेत कढीपत्त्याची जुडी निघाली. बाबाला पाऊण तास थांबावं लागलं आणि तो अजून धुसफुसतो आहे. निहारला वाटलं, आजीच्या परसातला पाला कचऱ्यात गेला म्हणून आजीला वाईट वाटेल. बाळांनो, मला अजिबात वाईट वाटलं नाही. मला त्या कुत्र्याचं कौतुक वाटलं. तो कढीपत्ता मी दिला नव्हता, हेही इथे नोंदवून ठेवते. तुमच्या बाबाने मी दुपारची पडले असताना तो स्वतः तोडून घेतला होता. मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं.

"एका पानाला एवढं काय घाबरायचं, आजी?" असं तुम्ही विचारलंत. ते उत्तर फोनवर मावणारं नव्हतं. म्हणून हे लिहायला बसले आहे. त्यासाठी मला तुम्हाला एका हिवाळ्यात घेऊन जावं लागेल. तेव्हा तुमचा बाबा कॉलेजात होता, तुमचे आजोबा बोईसरच्या एका कारखान्यात कामाला जात होते, आणि मी चिंचणीच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते.

आमच्या घराला लागून हिराकाकूंची वाडी होती. वाडी म्हणजे नारळी, चिकू, थोडी केळी, मध्ये विहीर, आणि विहिरीच्या पाटावर वांगी, टोमॅटो, पडवळ, कारली. वाडीच्या मागे भाताचा एक तुकडा. हिराकाकू माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, ठेंगण्या, काटक, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. शाळा चौथीपर्यंत. पण हजेरी घ्यावी ती त्यांनीच. रोज सकाळी पदर खोचून त्या वाडीत शिरायच्या आणि एकेका झाडापुढे थांबायच्या. पान उलटून बघायच्या, खोडावर बोट फिरवायच्या. मी खिडकीतून वेणी घालता घालता बघायचे. माझ्या वर्गात पन्नास मुलं, आणि कोण गैरहजर हे कधी कधी मला दुपारी कळायचं. त्यांच्या वाडीत झाडं किती होती कोण जाणे, पण एखादं मलूल झालं तर त्यांना चहाच्या आधी कळलेलं असायचं.

"काकू, तुम्हाला झाडांची नावंही पाठ आहेत का?" मी एकदा चिडवलं.

"नावं कशाला पाठ पाहिजेत? तोंडं ओळखते मी," त्या म्हणाल्या. "तू पोरांना नंबरानं बोलावतेस, बाई. मी तोंडानं बोलावते."

भाताच्या त्या तुकड्यात कापणीनंतरच्या ओलीवर त्या वाल पेरायच्या. लहान, तांबूस, कडेला पांढरी डोळी असलेला कडवा वाल. तो त्यांच्या सासूकडून आलेला, सासूला तिच्या सासूकडून. बाजारातलं बियाणं मिळू लागल्यावर आळीतल्या बाकी सगळ्यांनी आपापला वाल सोडून दिला होता, कारण बाजारचा दाणा मोठा आणि लवकर शिजणारा. हिराकाकूंनी सोडला नव्हता. त्याच्या बिरड्याला जी कडू-गोड चव येते ती दुसऱ्या कुठल्या वालाला येत नाही, हे मीही शपथेवर सांगेन. त्या आधीच्या पावसाळ्यात मात्र बियाण्याच्या मडक्यात भुंगा शिरला आणि निम्मा वाल पीठ होऊन गेला. जो चांगला उरला तो सगळा काकूंनी त्या कार्तिकात पेरला. मागे काही ठेवलं नाही. ठेवण्यासारखं नव्हतंच. तो पेरा गेला असता तर तो वाल जगातून गेला असता.

आता माझ्या वाट्याचं सांगते.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पहिल्यांदा परदेशी गेले, माझ्या धाकट्या बहिणीकडे, कुमुदकडे. तिच्या खिडकीखाली एक शेवंती होती. तशी शेवंती मी कधी पाहिली नव्हती. फिकट जांभळी, पाकळ्या बारीक नळीसारख्या, आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला इवलासा चमचा. मी निघताना कुमुदने तिच्या चार फांद्या छाटून दिल्या. ओल्या कापसात गुंडाळून मी त्या साबणाच्या डबीत ठेवल्या आणि डबी साड्यांच्या मधोमध. मुंबईच्या विमानतळावर भिंतीला पाटी होती. रोपं, बिया, माती परवानगीवाचून आणू नये. मी इंग्रजीची शिक्षिका. वर्गात मी वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले होते की आधी प्रश्न नीट वाचा. ती पाटी मी अथपासून इतिपर्यंत वाचली, आणि तिच्याखालून सरळ चालत बाहेर आले. मनात एवढंच होतं की हे नियम धंदेवाल्यांसाठी असतात. माझ्यासारख्या बाईच्या साबणाच्या डबीसाठी नसतात.

फांद्या जगल्या. मृगात त्यांनी जोर धरला. आषाढात कुंड्या भरल्या. आणि मग आळीत ठाऊक झालं की बाईंनी परदेशातून शेवंती आणली आहे.

तुम्हाला आमच्या आळीची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. आमच्याकडे असं मानत की मागून नेलेलं रोप रुसतं आणि चोरून नेलेलं फोफावतं. म्हणून फुलझाड कुणी मागत नसे. पाहुणी यायची, कुंडीजवळ उभी राहून म्हणायची, "अगोबाई, काय छान!" यावर घरातल्या बाईने म्हणायचं, "बस हं, चहा टाकून येते," आणि पाठ फिरवायची. आत स्टोव्हला पंप मारता मारता कान द्यायचा. फांदी मोडल्याचा बारीक आवाज यायचा. चहा घेऊन बाहेर यावं तर पाहुणीचा पदर जरा फुगलेला, आणि चेहरा देवळातून आल्यासारखा. या चोरीचे नियमही होते. एका वेळी एकच फांदी. कुणाला सांगायचं नाही, सांगितलं की रोप मरतं. पुढे त्यांच्या दारात ते फुललं की आपण जाऊन विचारायचं, "कुठून गो आणलीस?" आणि त्यांनी म्हणायचं, "अशीच आली."

त्या आषाढात मी जितका चहा केला तितका कधी केला नसेल. मी खुशीत होते. घराघरात आपलं झाड जावं यासारखं सुख नाही. आजही मी त्या रीतीची थट्टा करू शकत नाही. तिच्यात घेणारीला मिंधं व्हावं लागत नाही आणि देणारीला मिरवता येत नाही. किती पिढ्यांनी किती विचार करून ती बसवली असेल! फक्त तिच्यात एक गोष्ट नव्हती. पाठ फिरवल्यावर काय काय गेलं, हे कुणीच बघत नव्हतं.

मार्गशीर्षाच्या सुरुवातीला एका सकाळी हिराकाकू माझ्या ओटीवर आल्या. हातात वालाचं एक पान. त्यांनी ते माझ्या वहीवर ठेवलं. हिरव्या पानावर पांढरी वेडीवाकडी रेघ. सुरुवातीला केसासारखी बारीक, वळणावळणाने रुंद होत गेलेली. लहान मुलाच्या हातात प्रथमच खडू द्यावा तशी. खरं सांगते, पहिल्यांदा मला ते सुंदर वाटलं.

"हे काय लिवलंय वाच," काकू म्हणाल्या.

"गोगलगाय चालली असेल काकू."

"गोगलगाय वरून चालते. ही आतून चाललीय. बोट फिरव. लागतंय काय हाताला?"

लागत नव्हतं. रेघ पानाच्या दोन पदरांच्या मध्ये होती. काकूंनी नखाने तिचं रुंद टोक उघडलं. आत पिवळसर, तिळाहून बारीक अळी वळवळत होती.

"पन्नास वर्षं पानं बघतेय मी," त्या म्हणाल्या. "लिंबावर असल्या रेघा येतात, ते ठाऊक हाय. वालावर कधी नाय आल्या. टोमॅटोवर आल्यात. काल काकडीवर आल्या. ही पावणी कोन हाय?"

आठ दिवसांत वालाची खालची पानं पांढरी पडली. रोपं वीतभर, आणि अंगावर सगळीकडे ते लिखाण. वरच्या आळीतल्या एकाने घाईघाईने औषध फवारलं. दोन दिवस बरं वाटलं आणि मग त्याचे टोमॅटो दुप्पट वेगाने वाळले. काकूंनी फवारलं नाही. त्यांनी मला सांगितलं, "तू इंग्रजीत लिवतेस तशी एक चिठ्ठी लिव, सरकारला. लिव की आमच्याकडं एक अनोळखी जनावर आलंय, येऊन तोंड बघून जा."

मी पालघरच्या कृषी कार्यालयाला पत्र लिहिलं. इंग्रजीत नाही, मराठीतच. चौथ्या दिवशी एसटीने एक साहेब आले. पन्नाशीचे, टक्कल पडलेले, खांद्याला कापडी पिशवी, गळ्यात दोऱ्याने बांधलेलं भिंग. हिराकाकूंनी त्यांना खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. सरळ वालाच्या शेतात जाऊन मांडी घालून बसले. तासभर ते पानं बघत होते, आणि काकू त्यांना बघत होत्या. मला वाटतं त्या तासात काकूंना आपल्या जातीचा माणूस भेटला.

शेवटी त्यांनी आम्हाला भिंगातून एक माशी दाखवली. काळी-पिवळी, आणि एवढी लहान की मी तिला धूळ समजले असते.

"हीच. हिला मी आजवर फक्त कागदावर पाहिलं होतं," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती होती आणि थोडा आदरही. "ही आपल्या देशातली नाही. पानाला टोचून आत अंडं घालते. अळी आतून पान खाते, पोसली की खाली मातीत उतरते, कोष करते, आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा माशी. तिला खाणारे किडे फवाऱ्याने आधी मरतात, म्हणून फवारलं की ही वाढते. बाहेरून आलेल्या फुलझाडांतून येते म्हणतात. शेवंती हिला फार आवडते. इथे कुणाकडे परदेशी शेवंती आहे का?"

काकू माझ्याकडे बघत नव्हत्या. मला वाटलं, मुद्दामच बघत नव्हत्या.

बाळांनो, मी त्या क्षणी बोलले नाही. साहेबांना चहा हवा का, असं विचारलं. ते गेले. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही मी बोलले नाही. शाळेत जाऊन मी मुलांना खरं बोलण्यावरचा निबंध दिला नाही एवढंच. खिडकीतून मला काकू दिसायच्या. वालाच्या ओळींत उकिडव्या बसून एकेक खराब पान खुडून पदरात घेणाऱ्या. सकाळी दिसायच्या, शाळेतून परतल्यावरही दिसायच्या. माझ्या कुंड्यांमध्ये जांभळी शेवंती ऐन भरात होती. तिच्या खालच्या पानांवर त्याच रेघा होत्या. मी त्या भाद्रपदातच पाहिल्या होत्या आणि म्हटलं होतं, परदेशी झाडाची पानंच अशी नक्षीची असतील. या वाक्याची मला अजून लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी मी कुंपणाजवळ गेले आणि सगळं सांगितलं. कुमुद, साबणाची डबी, पाटी, नक्षी. काकू खुडत राहिल्या. ओळ संपेपर्यंत त्यांनी वर पाहिलं नाही. मग पदर सोडवून त्यांनी पानं बादलीत टाकली. बादलीत समुद्राचं पाणी होतं. नवापूरची मंगली मासे विकायला यायची, ती रोज टोपलीबरोबर एक कळशी खारं पाणी आणून देत होती. पानं उकिरड्यावर टाकली की अळी मातीत उतरते, हे साहेबांनी सांगताच काकूंनी ही युक्ती स्वतःच काढली होती.

"फांद्या कोनी कोनी नेल्या?" त्यांनी विचारलं.

"मला कसं माहीत असणार, काकू? मी पाठ फिरवून होते."

त्या हसल्या. मला ते हसणं अपेक्षित नव्हतं. "व्हय. ती आपली रीत. आता ती मोडली पाहिजे. रविवारी सगळ्यांना तुझ्या ओटीवर बोलाव."

रविवारी बाया जमल्या. मी कुंड्या अंगणात मधोमध ठेवल्या, काय झालं ते सांगितलं, आणि विचारलं की माझी शेवंती कोणाकोणाकडे आहे. एकीला एकदम नातवाच्या दुधाची आठवण झाली. एक म्हणाली, "बाई, आमी चोर वाटलो काय तुमाला?" मी गोंधळले. खरंच, मी ज्या गोष्टीला चहा करून हातभार लावला होता तिचाच आता जाब विचारत होते. सांगितलं की रोप मरतं, ही तर शपथच होती.

तेव्हा हिराकाकू उठल्या. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, हळदीकुंकवाला उभं राहतात तशा.

"पयली चोर मी," त्या म्हणाल्या. "आषाढातल्या एकादशीला. बाई चहा टाकायला गेली तवा. नियम एका फांदीचा, मी दोन मोडल्या. आनि लावल्या कुठं? वालाच्या पार मागल्या बांधावर, गवताआड. फुलं आली म्हंजे वाल निंदताना बघायला बरी, म्हनून."

काकूंनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

"त्या दिवशी साहेब गेले आनि मी त्या उपटून जाळल्या. म्हंजे बाईनं समुद्रापलीकडून गावात आनलं, आनि गावातून वालापर्यंत मी आनलं. अर्धं तिचं, अर्धं माझं. आता उरलेलं कोनाकडं हाय ते सांगा. रोप मरतंय तर मरू दे. तेच पाहिजे आपल्याला."

मी या जन्मात भाषणं पुष्कळ ऐकली. शाळेच्या स्नेहसंमेलनाला दरवर्षी एक असायचं. पण त्यासारखं ऐकलं नाही. साहेबांपुढे काकू माझ्याकडे का बघत नव्हत्या, ते मला तेव्हा कळलं.

मग मंगली म्हणाली, "मी सा नेल्या." हशा पिकला. "हसताव काय? मी रोज येते, रोज एक. नियमात हाय! चार नवापूरला दिल्या, एक माझ्या दारात, आनि एक बोईसरच्या चाळीत त्या बिहारी भाभीला. ती म्हनाली, 'दीदी, ये तो फूलों का राजा है.' आता राजाला उपटायला जाते." तिच्यामागे एकेक जण बोलू लागली. कुणी लेकीला दिलेली, कुणी देवळाच्या आवारात लावलेली. वहीत मी लिहीत गेले. घर, जागा, किती रोपं. सुलूवहिनी तेवढी शेवटपर्यंत म्हणत राहिली की तिची शेवंती डहाणूहून आली आहे. तिला कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या फाटकाशी मुळासकट उपटलेलं एक झाड घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं होतं. नाव नव्हतं. मी वहीत नुसती खूण केली.

सगळी शेवंती समुद्रकिनारी नेऊन जाळली. ओल्या फुलांचा धूर पांढरा होतो आणि त्याला धुपासारखा वास येतो. माझ्या चारही कुंड्या मीच टाकल्या.

त्यानंतरचे दोन महिने आठवले की मला आधी पिवळा रंग दिसतो. साहेब दर आठवड्याला एसटीने येत होते. त्यांनी सांगितलं की ही माशी पिवळ्या रंगाकडे धावते. मग गावभरचे तेलाचे रिकामे डबे गोळा झाले, बाहेरून पिवळे रंगले, त्यांना एरंडेल फासलं, आणि काठ्यांवर उलटे टांगून ते वालाच्या ओळींत उभे राहिले. संध्याकाळी उन्हात ते शेत एखाद्या जत्रेसारखं दिसे. डब्यांवर काळ्या ठिपक्यांची रांगोळी होई. ती पुसून पुन्हा एरंडेल. बाया पाळीपाळीने पानं खुडायला येत. खुडताना गप्पा, टोमणे. "ए, तू नेलेल्या फांदीची पिल्लं तूच खुड!" असं एकमेकींना चिडवणं. हिराकाकूंची करडी नजर असे. देठ तुटला की त्या बोटावर चापट मारत, मी शिक्षिका असले तरी.

आणि वाडीच्या फाटकाशी त्यांनी नाकं बसवलं. नाकं म्हणजे एक फळी आणि त्यावर साहेबांनी दिलेलं जुनं भिंग. आत येणारं प्रत्येक पान तिथे थांबे. बाजाराला जाणारी प्रत्येक टोपलीही थांबे, कारण त्या म्हणत, "आपल्याकडं आलं ते नशीब, आपल्याकडून गेलं तर पाप." त्यांची मुलगी मासवणला दिलेली. संक्रांतीच्या आधी ती कडेवर वर्षाचं पोर आणि डोक्यावर सासरच्या भाजीची टोपली घेऊन आली. काकू फाटकाशीच उभ्या.

"पोर आत आन. टोपली तिथंच ठेव."

"आई! सासूबाईंनी हातानं तोडून दिलीय. वांगी, पालक."

"सासूबाईंना माझा नमस्कार सांग. वांगी घेते, पालक बघून घेते."

"लोकं काय म्हनतील? लेकीची टोपली दारात तपासतेस?"

"म्हनू दे. तू माझी लेक. पालक माझा कोन?"

लेक रुसून ओटीवर बसली. काकूंनी नातू खांद्यावर टाकला आणि तसंच उभ्याने एकेक पान भिंगाखाली घेतलं. पालक चांगला निघाला. तो त्यांनी स्वतः शिजवला आणि लेकीला पहिला घास भरवला. ती हसेपर्यंत हात मागे घेतला नाही.

मला तेव्हा विमानतळावरच्या त्या पाटीची आठवण आली. सीमा म्हटलं की मला नकाशावरची रेघ डोळ्यांपुढे येत असे, आणि शिपाई, आणि शिक्का. हिराकाकूंनी मला शिकवलं की सीमा म्हणजे बघण्याची जागा. तिथे दार बंद नसतं, नजर उघडी असते. माणूस आत यावा, त्याचा मान राहावा, त्याची भूक भागावी, आणि त्याच्या सामानात दडून आलेलं ओळखावं, हे सगळं एकाच वेळी करता येतं. त्यासाठी राग लागत नाही. भिंग लागतं, आणि ओळ संपेपर्यंत वर न बघण्याची सवय. तुमच्या विमानतळावरची माणसं रोज हेच करत असतील आणि रोज कुणाचा तरी बाबा त्यांच्यावर चिडत असेल. कुणाच्या शेतात काय वाचलं ते त्यांना कधी कळतही नसेल. न आलेली कीड कुणी मोजत नाही.

माझ्याच डबीतून ती माशी आली की आणखी कुणाच्या, हे साहेब शेवटपर्यंत ठामपणे सांगू शकले नाहीत. त्या काळात ती आणखीही काही ठिकाणी दिसू लागली होती. ते मला धीर देण्यासाठी तसं म्हणत असावेत. मी त्यात फार शोध घेतला नाही. शेवंती आणली मी, एवढं मला पुरेसं होतं. ती माशी पुढे आमच्या भागातून कायमची गेली असंही नाही. आजही एखाद्या टोमॅटोवर तिची रेघ दिसते. पण माघ सरता सरता साहेबांनी एका पानावर अळीच्या शेजारी सुईच्या टोकाएवढी एक गांधीलमाशी दाखवली. इथलीच. कुणी न बोलावता आलेली. ती त्या अळीत आपलं अंडं घालत होती. काकूंनी भिंगातून तिला इतका वेळ बघितलं की साहेबांची एसटी चुकली.

फाल्गुनात वाल वाळला. निम्मा गेला होता, निम्म्याहूनही जास्त. उरलेल्या शेंगा आम्ही अंगणात अंथरल्या आणि दुपारच्या उन्हात त्या तडतड फुटू लागल्या. तो आवाज मी लिहून दाखवू शकत नाही. बायांनी झोडपलं, पाखडलं. शेवटी सुपात तांबूस दाणे राहिले, पांढऱ्या डोळ्यांचे. सूप काठोकाठ भरलं नव्हतं. काकूंनी मांडीवर घेऊन एकेक दाणा निवडला. डागी दाणे एका बाजूला, ते खायचे. चांगले दुसऱ्या बाजूला. त्या वर्षी त्यांच्या घरी बिरडं झालं ते डागी दाण्यांचंच.

चांगल्या दाण्यांना त्यांनी राख चोळली. मला वाटलं, नेहमीसारखं एका मोठ्या मडक्यात भरतील. पण त्यांनी पाच लहान मडकी आणवली होती.

"एका घरात ठेवून शिकले," त्या म्हणाल्या. "पावसात भुंगा आला, थंडीत ही आली. आता पाच घरांत ठेवते. ज्या बायांनी त्या दिवशी तोंड उघडलं त्यांच्याकडं."

एक मंगलीला दिलं. दोन आळीतल्या बायांना. एक त्यांनी स्वतःला ठेवलं. पाचवं त्यांनी कापडाने तोंड बांधून माझ्या हातात दिलं.

मी म्हटलं, "काकू, मला? मीच तर..."

"तू बोललीस म्हनून तर तपास लागला," त्या म्हणाल्या. "उंदरांपासून उंच ठेव. ओल लागू देऊ नको. दर महिन्याला उघडून बघ, हात घालून दाणे वर-खाली कर. विसरलीस तर मी येऊन बघीन."

मी ते मडकं स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवलं. कॅलेंडरवर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला खूण केली. पुढची पेरणी येईपर्यंत मी एकदाही विसरले नाही.

हिराकाकू तरीही दर महिन्याला आल्या.